सिंटरक्लासची गाणी निवडताना: आम्स्टलफेनच्या एका शाळेचं प्रकरण

5 डिसेंबरला सकाळी सिंटरक्लास, म्हणजे नेदरलँड्समधल्या मुलांना भेटवस्तू देणारा संत, शाळेत येणार होता आणि त्या वेळी मुलांनी म्हणायची गाणी ठरवण्याचं काम आमच्या छोट्या गटाकडे आलं होतं. शाळा आम्स्टलफेनमधली, म्हणजे आम्स्टरडॅमला खेटून असलेल्या गावातली. गट 1 ते गट 8, म्हणजे चार ते बारा वर्षांची मुलं. इथे भारतीय आणि जपानी कुटुंबं बरीच आहेत, त्यामुळे एकाच वर्गात मराठी, तेलुगू, जपानी, तुर्की, पोलिश घरांतली मुलं शेजारी शेजारी बसतात. गटात आम्ही चौघं होतो: गट 3 च्या बाई (मुलं त्यांना 'यूफ' म्हणतात), सुरिनामी वंशाची एक आई (सुरिनाम ही दक्षिण अमेरिकेतली जुनी डच वसाहत), उत्तरेतल्या ख्रोनिंगनकडून आलेले एका मुलीचे आजोबा आणि मी.

मुख्याध्यापकांनी अटी मोजक्या घातल्या होत्या. गाणी परंपरेतली हवीत. चार वर्षांच्या मुलालाही म्हणता यावीत. कुठल्याही घरातलं मूल गाताना अवघडू नये. आणि सगळं अर्ध्या तासात बसावं.

ऐकायला सोपं वाटतं. सिंटरक्लासची गाणी इथल्या प्रत्येक आजीला पाठ असतात, मग शोधायचं काय? पण पालकांकडून सूचना मागवल्यावर जी यादी जमली, ती पाहून यूफनी डोक्याला हात लावला. त्यात नाताळची गाणी होती, जर्मन गाणी होती, बेल्जियममधल्या फ्लेमिश मुलांच्या ध्वनिफिती होत्या. इंग्रजीतून शोध घेणाऱ्या एका वडिलांनी अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया डच लोकांची गाणी पाठवली होती. ते लोक मुळात जर्मन वंशाचे, त्यांचा नेदरलँड्सशी संबंध नाही. एका मराठी वडिलांनी मला फोन करून विचारलं, "ताई, डिसेंबरचीच गाणी ना? मग नाताळची चालतील की."

ती चालत नाहीत. इथे डिसेंबरात दोन वेगवेगळे सण येतात आणि बाहेरून आलेल्या माणसाला ते एकच वाटतात. सिंटरक्लास म्हणजे संत निकोलस, चौथ्या शतकातला मायरा इथला बिशप. मायरा आजच्या तुर्कस्तानात येतं. नोव्हेंबरच्या मध्यावर तो बोटीतून 'स्पेनहून' येतो, मुलं रात्री चुलीपाशी किंवा हीटरपाशी बूट ठेवतात, घोड्यासाठी गाजर ठेवतात, आणि 5 डिसेंबरच्या संध्याकाळी भेटवस्तू मिळतात. बेल्जियममध्ये तोच सण 6 डिसेंबरच्या सकाळी होतो. नाताळ त्यानंतर येतो, त्याची गाणी वेगळी, शाळेतलं जेवण वेगळं, मूडही वेगळा. नाताळची जुनी डच गाणी फार सुंदर आहेत, पण ती येशूच्या जन्माची आहेत. सिंटच्या गाण्यांत प्रार्थना जवळपास नसतेच. दारावरची थाप, वारा, घोडा, बूट, खाऊ हेच त्यांचे विषय. 17व्या शतकात प्रोटेस्टंट धर्माधिकाऱ्यांना हा कॅथलिक संत खुपायचा आणि काही शहरांनी सणावर बंदी घालून पाहिली. तरी घराघरांत तो टिकला आणि मुलांच्या तोंडी रुळला. एका तुर्की आईने "हे धार्मिक आहे का?" असं विचारलं, तेव्हा यूफनी तिच्यासमोर गाण्यांचे शब्दच ठेवले. ते वाचून तिची शंका मिटली.

आजोबांनी आणलेलं गाणंही बाजूला ठेवावं लागलं आणि त्याचं मला खरंच वाईट वाटलं. ते सिंट मार्टेनचं होतं. 11 नोव्हेंबरला उत्तरेकडची आणि नॉर्थ हॉलंडमधली मुलं हातात कंदील घेऊन दारोदार गात फिरतात आणि खाऊ मिळवतात. 'गाईंना शेपट्या, मुलींना परकर' अशा अर्थाच्या, नुसत्या यमकावर उड्या मारणाऱ्या ओळी. आजोबांच्या लहानपणी बीट पोखरून कंदील करत. पण ते दारात म्हणायचं गाणं आहे आणि त्याचा दिवस वेगळा आहे.

खऱ्या शोधाला बळ मिळालं ते आम्स्टरडॅमच्या मेर्तेन्स संस्थेच्या गीतकोशातून. डचमध्ये त्याला 'लीडरेनबांक' म्हणतात. मध्ययुगापासून विसाव्या शतकापर्यंतच्या पावणेदोन लाखांहून जास्त डच गाण्यांची नोंद त्यात आहे, आणि तो कुणालाही फुकट पाहता येतो. गाण्याची पहिली ओळ टाकली की ते कुठल्या कुठल्या पुस्तकांत आलंय, कोणत्या चालीवर गायलं जायचं, हे समोर येतं. जुन्या डच गीतपुस्तकांत बऱ्याचदा स्वरलिपी नसते, 'अमुक गाण्याच्या चालीवर' एवढंच छापलेलं असतं. त्यामुळे चालींचा माग काढणं हे या कोशाचं मोठं काम आहे. त्यातच आते दोर्नबोस यांनी जमवलेली ध्वनिमुद्रणं आहेत. 1957 ते 1994 या काळात रेडिओवर 'हिरव्या लिंडनखाली' या अर्थाच्या नावाचा कार्यक्रम चालायचा. त्यासाठी दोर्नबोस टेपरेकॉर्डर घेऊन गावोगाव फिरले आणि साध्यासुध्या, बहुतेक म्हाताऱ्या माणसांकडून गाणी गाऊन घेतली. मध्येच श्वास घेणारे, एखादा शब्द विसरणारे ते आवाज ऐकले की स्टुडिओतल्या गुळगुळीत बालगीतांपेक्षा हे किती जिवंत आहे, ते लगेच जाणवतं. शाळेत काही शिकवायच्या आधी शिक्षकांनी हे ऐकावंच, असं मी आग्रहाने म्हणेन.

या कोशाने आमच्यासाठी एक प्रश्न कायमचा सोडवला. 'परंपरेतलं' म्हणजे काय? एका पालकांच्या मते टीव्हीवर दिसणारं प्रत्येक सिंट-गाणं परंपरेतलं होतं. प्रत्यक्षात त्यांच्या यादीतली अनेक गाणी गेल्या काही दशकांत लिहिलेली निघाली. ती वाईट नाहीत, मुलांना आवडतातही. पण त्यांचे लेखक-संगीतकार हयात आहेत किंवा अलीकडे वारले आहेत, म्हणजे शब्द छापून घरोघरी वाटायचे तर हक्काचा प्रश्न येतो. लेखकाच्या मृत्यूनंतर 70 वर्षं होऊन गेलेली गाणी घेतली की ती अडचण उरत नाही.

तरीही यादी लांबच होती. ती आवरली गेली ती क्रम लावायला बसल्यावर. यूफ प्रत्येक गाण्यापुढे लिहीत होत्या: कधी म्हणायचं, कुठे उभं राहून, कुणी. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की हे आपल्या भोंडल्यासारखंच आहे. भोंडल्यात खिरापतीचं गाणं कुणी सुरुवातीला म्हणत नाही, आणि पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरल्याशिवाय पहिलं गाणं निघत नाही. प्रत्येक गाण्याची जागा ठरलेली असते. सिंटची गाणीही अशीच कामाची गाणी आहेत. बूट ठेवताना एक, वाट पाहताना एक, बोट दिसल्यावर एक, दार वाजल्यावर एक, बुटात काही सापडल्यावर एक, निरोपाला एक. म्हणून 'सर्वांत जुनी दहा' किंवा 'सर्वांत लोकप्रिय दहा' अशी यादी शाळेच्या उपयोगाची नव्हती. सकाळच्या कार्यक्रमात जेवढ्या घटना, तेवढीच गाणी, असं आम्ही ठरवलं.

बुटाचं गाणं निवडायला वेळ लागला नाही. 'सिंटरक्लास कापून्चे, खोय वात इन माइन स्खून्चे.' चार छोट्या ओळी: माझ्या बुटात काही टाक, माझ्या गमबुटात काही टाक, आभारी आहे सिंटरक्लास. कुठल्याही भाषेच्या घरातलं चार वर्षांचं मूल हे एका दुपारी शिकतं. ते 5 तारखेच्या आधीच, वर्गात बूट मांडून ठेवायच्या दिवशी म्हणायचं ठरलं.

बोटीचं गाणं मात्र आम्हाला बराच वेळ घेऊन बसलं, आणि तिथेच या प्रकरणाचा गाभा आहे.

'झी खिंट्स कोम्त द स्टोमबोट', म्हणजे 'ती बघा, तिकडून आगबोट येतेय'. हे गाणं यान स्खेंकमान यांच्या मजकुरातून आलं. स्खेंकमान आम्स्टरडॅममधले शाळामास्तर. 1850 मध्ये त्यांनी मुलांसाठी संत निकोलस आणि त्याच्या नोकरावर एक सचित्र पुस्तक काढलं. आज नेदरलँड्सभर जो सोहळा होतो, त्याचा बराचसा साचा त्या पुस्तकातला आहे: स्पेनहून येणारी बोट, बरोबरचा नोकर, घरांच्या छपरांवरून घोड्याची स्वारी. आगबोट त्या काळी नव्या जमान्याची वस्तू होती, तरी मास्तरांनी तिच्यावर शेकडो वर्षं जुना संत बसवून आणला. चाल जर्मन मुलांच्या एका शेतकरी-गीताशी जुळते. तीन मात्रांची, झुलती, पटकन उचलता येणारी. म्हणजे 'अस्सल डच' गाण्याची चाल सरहद्दीपलीकडची आणि आगबोट औद्योगिक क्रांतीची. लोकगीतं अशीच घडतात. यात कमीपणा काही नाही.

पहिल्या कडव्यात बोट, तिच्यावर उभा असलेला सिंट, डेकवर बागडणारा घोडा आणि वाऱ्यावर फडफडणाऱ्या पताका आहेत. दुसरं कडवं नोकरापासून सुरू होतं: तो हसत उभा आहे आणि ओरडून सांगतोय, शहाण्याला खाऊ, व्रात्याला छडी.

स्खेंकमान यांच्या पुस्तकात या नोकराला नाव नाही, पण चित्रात तो काळा आहे. पुढे तोच 'झ्वार्ते पीट', म्हणजे काळा पीट, म्हणून रूढ झाला. गोरी माणसं तोंडाला काळं फासून, कुरळे केस आणि जाड लाल ओठ लावून त्याची भूमिका करायची. पुस्तक निघालं तेव्हा सुरिनाममध्ये डच मळ्यांवर गुलामगिरी चालू होती. ती 1 जुलै 1863 रोजी कायद्याने संपली. आज नेदरलँड्समध्ये त्या गुलामांचे वंशज राहतात आणि त्यांची मुलं याच शाळांत शिकतात. 2011 नंतर या प्रश्नावर उघड आंदोलन उभं राहिलं, 2015 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीने ही रूढी बदलायला सांगितलं, आणि 2019 पासून टीव्हीवर दाखवल्या जाणाऱ्या राष्ट्रीय आगमनात पीटच्या चेहऱ्यावर फक्त धुराड्यातल्या काजळीचे पट्टे असतात. बहुतेक शाळांनीही तोच मार्ग धरला. चेहरा बदलला, पण गाण्यांतल्या ओळी तशाच राहिल्या होत्या.

गटातल्या सुरिनामी आईने ते फार शांतपणे मांडलं. "रंगाबद्दलची ओळ आली की मुलं मान वळवून माझ्या मुलाकडे बघतात," ती म्हणाली. "कुणाच्या मनात वाईट नसतं. पण तो खाली बघतो."

हे ऐकल्यावर वाद घालायचं माझ्या मनात काही उरलं नाही. आजोबांचं म्हणणं वेगळं होतं, आणि तेही मला पटत होतं: लहानपणापासून म्हटलेल्या ओळीत कुणी परका शब्द घुसवला की गाणं परकं होतं. मग आम्ही गीतकोशाकडे परत गेलो. मौखिक परंपरेतली गाणी लोकांनी कायम तुकड्यातुकड्यांनी म्हटलेली दिसतात. कुणाला दोन कडवी येतात, कुणाला एकच. म्हणून ठरलं की शब्दांत फेरफार करायचा नाही, कडवं मात्र निवडून घ्यायचं. आगबोटीचं पहिलं कडवं दोनदा म्हणायचं. आजोबांना त्यांचे शब्द जसेच्या तसे मिळाले आणि त्या मुलाला मान खाली घालावी लागणार नव्हती. दुसरं कडवं गट 7 आणि 8 च्या मुलांनी इतिहासाच्या तासाला वाचावं, 1850 आणि 1863 या दोन सालांसकट, असंही यूफनी सुचवलं. मला ही सूचना सगळ्यांत मोलाची वाटते, कारण त्या वयाच्या मुलांपासून हे लपवून ठेवणं बरं नाही.

छडीचं काय करायचं, हा उपप्रश्न होता. 'झी द मान स्खाइन्त दोर द बोमेन' म्हणजे 'पाहा, झाडांतून चंद्र चमकतोय' हे वाट पाहण्याचं गाणं. शब्द यान पीटर हाये यांचे, संगीत व्हियोटा यांचं. हाये पेशाने डॉक्टर होते आणि सामान्य लोकांनी गावं म्हणून त्यांनी पुष्कळ गाणी लिहिली. गड्यांनो, दंगा थांबवा, ती छान संध्याकाळ आली, अपेक्षेने काळीज धडधडतंय, असं सांगून शेवटी ते म्हणतात: केक कुणाला, छडी कुणाला. एका पालकांना हीही ओळ नको होती. इथे आम्ही ती ठेवली. छडीची धमकी सगळ्या मुलांना सारखीच होती, एकाच मुलाकडे बोट दाखवणारी नव्हती, आणि शाळांतून ती केव्हाच गेली आहे. आम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये यान स्टेन यांचं 1665 च्या सुमाराचं याच सणाचं चित्र आहे. त्यात बुटात छडी मिळालेला मुलगा भोकाड पसरून रडतोय आणि बाकीचे हसताहेत. यूफनी ते चित्र वर्गात दाखवलं आणि त्या ओळीचा अर्थ सांगायची गरजच पडली नाही.

वाऱ्याचं गाणं, 'होर द विंत वाय्त दोर द बोमेन', मोठ्या गटांना दिलं. अशा वाईट हवेत सिंट येईल का, अशी काळजी त्यात आहे, आणि 'तो येतो अंधाऱ्या रात्री, घोड्यावर, कसा भरधाव' अशी ओळ आहे. राष्ट्रीय आगमनातल्या घोड्याला 2019 पासून याच ओळीतून 'ओझोस्नेल', म्हणजे 'कसा भरधाव', हे नाव मिळालं, म्हणून मुलांना ती आधीपासूनच माहीत होती.

दाराच्या गाण्याने मला सगळ्यांत जास्त आनंद दिला. 'दार वोर्त आन द दर खक्लोप्त': दारावर थाप पडतेय, जोरात थाप, हळूच थाप, कोण बरं असेल? पुढे बाहेरचा माणूस उत्तर देतो, घाबरू नकोस बाळा, मी चांगला मित्र आहे, आणि त्यात 'काजळीसारखा काळा असलो तरी' ही ओळ येते. हीच ती रंगाची ओळ. यूफनी सुचवलं की मुलांनी 'कोण बरं असेल?' वर थांबायचं. खरोखर थाप पडेल आणि दार उघडेल. उत्तर गाण्यातून द्यायचं कारणच उरत नाही, कारण उत्तर दारात उभं असतं. त्यानंतर लगेच 'हाय कोम्त, हाय कोम्त' म्हणजे 'तो येतोय, तो येतोय', ज्यात तो 'माझा मित्र, तुझा मित्र, प्रत्येक मुलाचा मित्र' आहे.

शिकवण्याच्या बाजूचं थोडं लिहिते, कारण परदेशातल्या आपल्या पालकांना ते उपयोगी पडेल. मराठी घरांसाठी मी शब्द देवनागरीत लिहून दिले. डचमधला 'ग' घशातून 'ख' सारखा येतो आणि देवनागरीत तो लिहिता येतो, त्यामुळे आजी-आजोबा व्हिडिओ कॉलवर नातवंडांची तालीम घेऊ लागले. एका आजींनी नाशिकहून आगबोटीचं अख्खं कडवं पाठ करून ऐकवलं. सूर हा दुसरा मुद्दा. ध्वनिफितींतल्या गायकवृंदाची पट्टी छोट्या मुलांना बरेचदा उंच पडते आणि मग ती ओरडतात. यूफनी सगळी गाणी पियानोवर दोन स्वर खाली आणली आणि ध्वनिफीत न लावता शिकवली. संथ, एकेक ओळ, आधी हातवारे आणि मग शब्द. आणि सिंट देशात पोहोचेपर्यंत कुणी गायचं नाही, हा इथला अलिखित नियमही पाळला. नोव्हेंबरच्या मध्यावर आगमन झाल्याच्या पुढच्या सोमवारी पहिला सराव झाला.

5 डिसेंबरला पाऊस होता, त्यामुळे मैदानावरचं आगबोटीचं गाणं मुलांनी ओसरीखाली दाटीवाटीने उभं राहून म्हटलं. दुसऱ्यांदा म्हणताना पालकांचा आवाज मुलांपेक्षा मोठा होता. सभागृहात 'कोण बरं असेल?' नंतर थाप पडायला जरा उशीर झाला आणि त्या दोन क्षणांत गट 1 ची मुलं एवढी गप्प झाली की यूफ आजही त्याबद्दल बोलतात. सुरिनामी आईचा मुलगा पहिल्या रांगेत होता आणि तो शेवटपर्यंत गात होता. एक गोष्ट मात्र जमली नाही. 'ओ कोम एर एन्स काइकेन', म्हणजे बुटात काय काय सापडलं त्याची जंत्री सांगणारं गाणं, भेटी उघडताना कुणालाच सुचलं नाही. पुड्या हातात आल्यावर मुलं कशाला गातील? ते बुटाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, वर्गात म्हणायला हवं. निरोपाच्या 'दाख सिंटरक्लाश्ये' ला हात हलवायचे असतात, त्यामुळे ते अर्ध्या मुलांना शब्द येत नसतानाही उत्तम झालं.

पुढच्या वर्षीच्या गटासाठी आता एक फाइल तयार आहे. प्रत्येक गाण्यापुढे त्याची वेळ, घ्यायचं कडवं, पट्टी, शब्द आणि संगीत कुणाचं, आणि देवनागरी, जपानी व तुर्की उच्चारांची पानं. एका पालकांनी अजून लेखी तक्रार ठेवली आहे की दुसरं कडवं सगळ्यांसमोर म्हटलं जावं. त्यावर पालक मंडळात चर्चा व्हायची आहे. आजोबांचं सिंट मार्टेनचं गाणं फाइलच्या पहिल्या पानावर आहे, 11 नोव्हेंबरच्या तारखेखाली, आणि बीट कुठे मिळतात त्याची चौकशी त्यांनी सुरू केली आहे.